आराखड्यावरची सही : विशेष शिक्षण, पालक आणि वरळी कोळीवाडा

ऐकणे, पाहणे, चालणे, बोलणे, लिहिणे-वाचणे किंवा समजून घेणे यांपैकी एखाद्या बाबतीत ज्या मुलाला इतरांहून वेगळी मदत लागते, त्याच्यासाठी शिकवण्याची पद्धत, साधने, वेळ आणि परीक्षा यांत विचारपूर्वक केलेला बदल म्हणजे विशेष शिक्षण होय. हे शिक्षण स्वतंत्र विशेष शाळेत देता येते, तसेच नेहमीच्या शाळेत सर्व मुलांसोबत बसवूनही देता येते, आणि या दुसऱ्या पद्धतीला समावेशित शिक्षण असे नाव रूढ झाले आहे. पद्धत कोणतीही असली तरी मूल शाळेत दिवसाचे पाच-सहा तासच असते. उरलेला सारा वेळ ते घरात, गल्लीत, बाजारात आणि नातलगांत काढते. इतर मुलांच्या बाबतीत शाळा आणि घर यांच्यात काही अंतर राहिले, तरी ती मुले ते आपल्या आपण भरून काढतात. विशेष गरजा असलेल्या मुलाला ते जमेलच असे नसते, आणि म्हणूनच त्याच्या शिक्षणात पालकांचा सहभाग ही शोभेची किंवा सौजन्याची बाब न राहता खुद्द शिकवण्याच्या प्रक्रियेचा भाग बनते.

हे का घडते, ते विशेष शिक्षणातील एका संकल्पनेवरून नीट कळते. एका जागी, एका वस्तूवर, एका माणसाकडून शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी, दुसऱ्या वस्तूवर आणि दुसऱ्या माणसासमोर करता येणे, याला सामान्यीकरण म्हणतात. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांना बहुधा नेमके हेच अवघड जाते. वर्गात लाकडी मणी बिनचूक पाचपर्यंत मोजणारे मूल घरी पाच वाट्या मांडायला सांगितल्यावर गोंधळून जाते, तेव्हा ते शिकलेले विसरले असे मानण्यात अर्थ नसतो; त्याच्या लेखी 'पाच' ही गोष्ट त्या मण्यांची, त्या टेबलाची आणि त्या बाईंची असते. आता वरळी कोळीवाड्यातील एखाद्या घराचा विचार केला, तर तिथे मोजणीचे एक आयते साधन रोज वापरात असते. मासळी विकणारी बाई लहान मासळीचे ढीग लावते, त्या प्रत्येक ढिगाला वाटा म्हणतात, आणि असे वाटे लावताना हाताला संख्येचा व आकाराचा अंदाज असावा लागतो. मुलाने आईशेजारी बसून एकेका वाट्यात पाच-पाच बोंबील ठेवले, तर वर्गातले पाच घरात येते. पण हे घडण्यासाठी शिक्षिकेला वाटा ठाऊक असायला हवा, आणि या महिन्यात शाळेत पाचपर्यंतची मोजणी चालू आहे हे आईला ठाऊक असायला हवे. पालकांच्या सहभागाबद्दल जे काही लिहिले-बोलले जाते, त्याचा गाभा या दोन प्रकारच्या माहितीच्या देवाणघेवाणीत सामावलेला आहे.

वरळी कोळीवाडा हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी वरळी बेटाच्या उत्तर टोकावरचे मासेमारांचे जुने गाव आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला छोटा किल्ला, गोल्फादेवीचे देऊळ, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे, वरच्या मजल्यावर नेणारे उभे जिने आणि दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागेल अशा गल्ल्या, हे या वस्तीचे रूप आहे. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की माहीमच्या उपसागरापलीकडे वांद्र्याचा किनारा दिसतो, आणि तिथल्या रेक्लमेशन भागातच श्रवण व वाचा यांच्या अक्षमतांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि पूर्वी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाणारी 'अडॅप्ट' ही संस्था आहे. वरळी सी-फेसच्या बाजूला राष्ट्रीय अंध संघाचे मुख्यालय आहे, ॲनी बेझंट मार्गावर अंध मुलांसाठीची हॅपी होम शाळा आहे, हाजी अलीला अस्थिव्यंग व पुनर्वसनाच्या संस्था आहेत, परळला केईएम आणि वाडिया ही रुग्णालये आहेत, शिवडीला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची जय वकील शाळा आहे आणि चिंचपोकळीजवळ बालविकासाच्या क्षेत्रात काम करणारी 'उम्मीद' ही संस्था आहे. देशातील फार थोड्या वस्त्यांच्या भोवती इतक्या संस्था असतील. तरीही नकाशावरचे अंतर आणि आईच्या पायांखालचे अंतर यांत फरक पडतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पादचाऱ्यांना आणि दुचाकींना मनाई आहे, चाकाच्या खुर्चीला गल्लीत वळण घेता येत नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन जिना उतरणे हे रोजचे काम होते तेव्हा आठवड्यातून दोनदा उपचाराला जाण्याचा बेत दुसऱ्या महिन्यात ढासळतो. मुलाची प्रगती खुंटली की 'घरचे लक्ष देत नाहीत' असा शेरा पडतो. त्या शेऱ्याआधी हा जिना कोणीतरी एकदा चढून पाहायला हवा.

या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर पालक त्यात मागाहून आलेले नाहीत, अनेक ठिकाणी तेच पहिल्याने आले आहेत. मुंबईत मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली होती आणि दादरची अंध मुलींची शाळा १९०० साली अमेरिकन मराठी मिशनने काढली होती, परंतु या शाळा मिशनरी कार्यातून उभ्या राहिल्या. बौद्धिक अक्षमता आणि मेंदूचा पक्षाघात या दोन क्षेत्रांत मात्र घरातून सुरुवात झाली. जय वकील शाळा १९४४ साली वकील कुटुंबाने आपल्या मुलीच्या गरजेतून सुरू केली. डॉ. मिथू अलूर यांच्या मालिनी या मुलीला जन्मतः मेंदूचा पक्षाघात होता; या विकारात मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा सुटतो, बुद्धी मात्र अनेकदा शाबूत असते. तिच्यासाठी इंग्लंडमध्ये जे शिक्षण मिळू शकले, ते भारतात कुठेच नाही हे पाहून अलूर यांनी १९७२ साली कुलाब्यात शाळा सुरू केली आणि तीच पुढे स्पॅस्टिक्स सोसायटी झाली. नाशिकमध्ये पेशाने शिक्षिका असलेल्या रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाला कोणत्याच शाळेत जागा नाही हे अनुभवल्यावर १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनीच उभारलेले 'घरकुल' आहे. आपल्या पश्चात मुलांचे काय, या प्रत्येक पालकाला रात्री जागे ठेवणाऱ्या प्रश्नातून ते जन्मले.

परदेशातही क्रम हाच दिसतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील पालकांच्या संघटनेने राज्याविरुद्ध दावा लावला आणि १९७२ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश देण्याचे राज्याला मान्य करावे लागले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७५ साली, तिथे जो राष्ट्रीय कायदा झाला, त्याने प्रत्येक अशा मुलासाठी लेखी शैक्षणिक आराखडा बंधनकारक केला आणि तो आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत पालकांना हक्काची जागा दिली. पालकांना शाळेचा निर्णय मान्य नसेल, तर त्यावर दाद मागण्याची रीतसर वाटही त्याच कायद्याने घालून दिली. पालकांनी भांडून मिळवलेल्या कायद्यात पालकांची खुर्ची पक्की झाली, यात नवल नाही.

भारतात ही खुर्ची निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अनुदानित व सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश याच वंचित गटात केला, तसेच तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१७ च्या एप्रिलमध्ये अमलात आला आणि त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ज्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे, त्याला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या कायद्याने मिळाला. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शाळेवर आली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी १९९९ साली झालेल्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तर पालकांच्या संघटनांना न्यासाच्या मंडळावरच प्रतिनिधित्व दिलेले आहे.

कायद्याचे हे चित्र समाधानकारक दिसते, परंतु त्यात एक उणीव आहे आणि ती महत्त्वाची आहे. व्यवस्थापन समितीतील पालक शाळेच्या कारभाराविषयी बोलतात: पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, अनुदानाचा विनियोग. एका विशिष्ट मुलाला या वर्षी काय शिकवायचे, हा प्रश्न त्या समितीपुढे येत नाही. तो प्रश्न जिथे सुटतो, तो कागद म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. मुलाची आजची पातळी, येत्या तिमाहीत किंवा वर्षात गाठायची उद्दिष्टे, त्यासाठीची साधने, कोण शिकवणार आणि प्रगती कशी मोजणार, एवढ्या गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. हा आराखडा विशेष शिक्षक तयार करतात आणि त्याच्या तळाशी पालकांच्या सहीची जागा असते. अनेक ठिकाणी पालकांचा सहभाग म्हणजे नेमकी ही सही असते. आराखडा तयार होतो, आई येते, बोट दाखवतील तिथे सही करते आणि जाते. तिने त्यात एक ओळही घातलेली नसते, आणि घरी जाऊन काय करायचे हे तिला कळलेलेही नसते.

तिने घातली असती अशी ओळ कोणती, याचे एक उदाहरण भाषेचे देता येईल. कोळी बोलीत होडीला 'होरी' म्हणतात आणि मासळीला 'म्हावरा'. उशिरा बोलू लागलेल्या मुलापुढे चित्रकार्ड धरले आणि त्याने 'होरी' म्हटले, तर बोलीशी परिचय नसलेला परीक्षक 'ड'चा उच्चार येत नाही अशी नोंद करील आणि पुढचे तीन महिने त्या एका वर्णावर खर्ची पडतील. आई समोर बसलेली असती, तर तिने एका वाक्यात सांगितले असते की घरात सगळे असेच म्हणतात, आणि मुलाने शब्द अचूक उचलला आहे. अशीच गोष्ट वागणुकीची. एखादे मूल वर्गात दुपारी कान झाकून ओरडू लागते, तेव्हा शिक्षकांना तो हट्ट वाटतो. घरी मिक्सर किंवा बँजो पार्टीचा आवाज आला की ते असेच करते आणि चादरीखाली घेतले की शांत होते, हे आजीला माहीत असते. अशा मुलांच्या कानांना काही आवाज सोसत नाहीत, याला संवेदनांची अतितीव्रता म्हणतात, आणि तिचा माग काढण्यासाठी तज्ज्ञाला जे कित्येक तासांचे निरीक्षण लागेल, ते आजीने आधीच केलेले असते. ते कोणी विचारत नाही म्हणून कागदावर येत नाही, इतकेच.

उलट दिशेने जाणारी माहितीही तितकीच मोलाची आहे. विशेष शिक्षणात एखादे काम लहान-लहान पायऱ्यांत फोडून शिकवतात, त्याला कार्यविश्लेषण म्हणतात. आंघोळ हे घरच्यांच्या दृष्टीने एक काम असते. विशेष शिक्षिकेच्या दृष्टीने बादलीशी बसणे, तांब्या भरणे, तो खांद्यावर ओतणे, साबण हातात धरणे, हातापायांना लावणे, पुन्हा पाणी घेणे आणि अंग पुसणे अशी ती साखळी असते. त्यातली शेवटची कडी मुलाकडून आधी करवून घ्यायची, बाकीचे आपण करायचे, ती जमली की तिच्या मागची कडी, असा उलटा क्रम बरेचदा उपयोगी पडतो, कारण प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. ही युक्ती कळायला पंधरा मिनिटे पुरतात आणि तिला पैसा लागत नाही. ती न कळल्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला आई अजून आंघोळ घालत आहे, अशी घरे मुंबईत सर्वत्र सापडतील.

पालकांना असे शिकवता येते आणि त्याचा उपयोग होतो, याला मराठी-कोकणी मुलखातच पुरावा आहे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांसह स्वमग्न मुलांच्या पालकांवर एक अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात २ ते ९ वर्षांची ६५ मुले होती. डॉक्टर किंवा वाचोपचारतज्ज्ञ यांच्याऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जात, पालक आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण करीत आणि ते पालकांसोबत बसून पाहत: मुलाने कुठे पाहिले, आईने ते टिपले का, तिने घाई केली का. काही महिन्यांनी या पालकांकडून मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा काळ वाढला नाही, उलट घटला, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पालकांच्या सहभागाने सर्व काही साधते असा दावा त्यामुळे कोणी करू नये. परंतु तज्ज्ञांची वाण असलेल्या देशात घरचा माणूस हा शिक्षणाचा खरा आधार होऊ शकतो, एवढे या अभ्यासावरून निश्चित म्हणता येते.

तज्ज्ञांची वाण ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. २०२१ साली रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचे निर्देश दिले आणि प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक, त्यापुढे १५ मुलांमागे एक असे प्रमाण पुढील वर्षी अधिसूचित झाले. तरीही पदे भरली जात नाहीत म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले. नेहमीच्या शाळांत जाणाऱ्या विशेष शिक्षकाकडे बरेचदा एकाहून अधिक शाळा असतात. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या त्या शिक्षकाचा तास मुलासाठी पुरेसा ठरायचा असेल, तर बाकीचे सहा दिवस त्या तासाचा धागा कोणीतरी धरून ठेवायला हवा, आणि तो घरातच धरला जाऊ शकतो.

इथे एक धोका मात्र स्पष्टपणे सांगायला हवा. मराठीत 'पालक' हा शब्द दोघांसाठी असला, तरी शाळेच्या सूचनेतला पालक म्हणजे व्यवहारात आई असते. शाळेत नेणे, थांबणे, रुग्णालयात रांग लावणे, घरी सराव घेणे हे सारे तिच्याकडे जाते, आणि सहभाग वाढवा असे म्हणणारी प्रत्येक नवी योजना तिच्या दिवसात आणखी एक काम घालते. १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटातील आई मराठी प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली आहे, आणि ती जागा तिची हक्काची आहे. परंतु एकट्या आईच्या सोसण्याचे कौतुक करता करता ते सोसणे वाटून घेता आले असते, हा विचार मागे पडतो. कोळीवाड्यात तर आई बहुधा कमावतीही असते. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पहाटेच्या लिलावात माल घ्यायचा, बाजारात बसायचे, दुपारी घर आवरायचे आणि संध्याकाळी पुन्हा पाटी उचलायची, अशा दिवसात सकाळी अकराच्या पालकसभेला ती येत नाही, कारण ती वेळ तिच्या विक्रीची असते. आली नाही म्हणून तिला मुलाविषयी आस्था नाही असे ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे. एकत्र कुटुंबात काका, आत्या, मोठी बहीण, आजोबा असतात. आराखड्यात त्यांचीही नावे कामानिशी लिहिली गेली, तर आईच्या एकटीच्या खांद्यावरचे ओझे उतरते आणि मुलाला एकच गोष्ट चार माणसांकडून शिकता येते, म्हणजे सामान्यीकरणही आपोआप साधते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगता येईल. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेले वैश्विक ओळखपत्र यांसाठी ऑनलाइन अर्ज करून नेमलेल्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. लिहिण्या-वाचण्यात किंवा गणितात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या, आणि वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती आज अधिक प्रकारच्या दिव्यांगत्वांना लागू आहेत. राज्यात विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे मूल एका प्रकारच्या शाळेतून दुसरीकडे गेले की पालकांना नवे दार ठोठावावे लागते. विशेष शाळा व नेहमीच्या शाळा यांच्यात मुलाचा आराखडा सोबत जाण्याची व्यवस्था झाली, तर या फेऱ्यांतला मोठा भाग वाचेल. राज्य शासन आणि जय वकील संस्था यांच्या 'दिशा' उपक्रमाने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांसाठी सामायिक अभ्यासक्रम आणला आहे, त्याने निदान शाळाशाळांतली भाषा एक होण्यास मदत होईल.

आणखी एक सहभागी या चर्चेत सहज विसरला जातो, तो म्हणजे स्वतः मूल. डॉ. अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून लिहिलेले आत्मचरित्र २०११ साली प्रसिद्ध झाले, आणि ज्या व्यक्तीसाठी देशातील एक मोठी चळवळ उभी राहिली, तिला स्वतःला काय वाटत होते हे त्यातून लोकांना कळले. पालकांची इच्छा आणि मुलाची इच्छा एक असेलच असे नाही. मुलाने अक्षरे गिरवावीत असे वडिलांना वाटते आणि मुलाला जाळ्याची भोके सांधायला बसण्यात गोडी असते, तेव्हा आराखड्यात दोहोंना जागा द्यावी लागते. न बोलणाऱ्या मुलाचीही निवड चित्रे दाखवून, वस्तू पुढे करून, त्याची नजर कुठे वळते ते पाहून कळू शकते. ही निवड ओळखण्यात घरची माणसे बहुधा सर्वांत तरबेज असतात.

पालकांच्या अनुभवाला ज्ञान मानायचे की नाही, हा यातला मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर कोळीवाड्यासमोरच्या समुद्रातच मिळते. सागरी किनारा मार्ग सेतूला जोडणाऱ्या पुलाचे दोन खांब वरळीच्या होड्यांच्या वाटेत येत होते आणि त्यांच्यातले अंतर ६० मीटर ठेवण्याचे ठरले होते. वारा आणि लाटा असताना होडी त्यातून सुखरूप निघणार नाही, असे मासेमारांनी सांगितले, ते दीर्घकाळ अडून राहिले, आणि २०२२ च्या अखेरीस महापालिकेने हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. आराखडा अभियंत्यांचा होता आणि त्यांचे गणित त्यांना येत होते. पण त्या जागी पाणी कसे वागते, हे रोज त्यातून जाणाऱ्या माणसाला माहीत होते. मूल कसे वागते, हेही असेच रोज त्याच्यासोबत राहणाऱ्याला माहीत असते. पुलाच्या वेळी कोळी एकटेदुकटे गेले नाहीत, त्यांच्या संस्था गेल्या. विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक मात्र एकाच वस्तीत राहूनही पुष्कळदा एकमेकांना त्या नात्याने ओळखत नाहीत, कारण मुलाचे दुखणे घरात ठेवण्याची रीत अजून गेलेली नाही. मच्छीमार सोसायटी, महिला मंडळ, देवस्थानची समिती असे जमण्याचे जे धागे कोळीवाड्यात आधीच आहेत, त्यांतूनच चार-सहा पालकांचा गट बांधता येईल, आणि व्यवस्थापन समितीत दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी असलेली जागा रिकामी किंवा नावापुरती न राहता भरली जाईल.

बैठकीच्या वेळेचा प्रश्नही कोळीवाड्याच्या पंचांगातच सुटण्याजोगा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसे जाळी दुरुस्त करीत घरी असतात. महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे ज्या पंधरवड्यात नव्या वर्षाचा वैयक्तिक आराखडा लिहायचा असतो, नेमक्या त्याच दिवसांत एरवी समुद्रावर असणारा बाप वस्तीत सापडतो. आराखड्याची पहिली बैठक जुलै संपण्याआधी, संध्याकाळच्या विक्रीनंतर, शाळेऐवजी वस्तीतल्याच एखाद्या सभागृहात घेतली, शिक्षिकेने कोरा कागद पुढे ठेवून मुलाला घरी काय येते, काय आवडते, कशाची भीती वाटते आणि या वर्षी त्याने काय करावे असे घरच्यांना वाटते हे प्रथम विचारून लिहून घेतले, आणि मग त्यावरून उद्दिष्टे बांधली, तर नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जातील तेव्हा त्या आराखड्याच्या तळाशी आईच्या सहीशेजारी वडिलांचीही सही असेल, आणि वर लिहिलेल्या मजकुरात दोघांच्या तोंडची वाक्ये असतील.